मील करू का, सर?

माणसाला एक बर्गर खावासा वाटणं ही तशी निरुपद्रवी इच्छा आहे. तिच्यात महत्त्वाकांक्षा नाही, लोभ नाही, कुणाचं वाईट चिंतणं नाही. पण काउंटरपलीकडच्या टोपीवाल्या तरुणाला ती अपुरी वाटते.

"एक व्हेज बर्गर."

"सर, मील करू का?"

"नको, नुसता बर्गर."

"मीलमध्ये फ्राइज आणि कोल्ड्रिंक येतं, सर. फक्त नव्वद रुपये जास्त."

"नको."

"चीझ स्लाइस टाकू? डिप? फ्राइजवर पेरी-पेरी?"

"फ्राइज घेतच नाहीये मी."

"ओके सर. स्वीटमध्ये काही? सॉफ्टी, ब्राउनी..."

"नको रे."

"ओके सर. तर एक व्हेज बर्गर, मीडियम मील. कार्ड की यूपीआय?"

या मुलावर चिडण्यात अर्थ नसतो. तो एकोणीस-वीस वर्षांचा असतो, सकाळी कॉलेज करून दुपारच्या शिफ्टला आलेला असतो, आणि हे प्रश्न त्याचे नसतात. ते त्याला पाठ करायला दिलेले असतात. मागे मॅनेजर उभा असतो, त्याच्या मागे महिन्याचं टार्गेट. (आम्ही दोघेही मराठी असून पहिले चार प्रश्न हिंदीत चालतात, हा वेगळा विषय. शेजारच्याला "अरे, रोल संपला रे" असं तो ओरडला की मग दोघांनाही जरा ओशाळल्यासारखं होतं.)

आग्रहाचं म्हणाल, तर आपल्याला तो नवा नाही. पंगतीतल्या आग्रहाचे तर नियमच ठरलेले होते. जिलबीचं ताट घेऊन वाढपी समोर आला की पहिला नकार हा निव्वळ शिष्टाचार. दुसरा नकार म्हणजे विचार चालू आहे. खरा नकार तिसरा. तो दोन्ही हात पानावर आडवे धरून, पुढे ओणवं होऊन, शक्यतो डोळे मिटून द्यायचा. तरीही बोटांच्या फटीतून एखादी जिलबी पानात पडायचीच आणि ती कशी पडली याचा तपास कुणी करत नसे. मग खुद्द यजमान यायचे. "माझ्या हातची एक" म्हणायचे. त्यांच्यामागून विहीणबाई. त्यांना नाही म्हणण्याची सोय शास्त्रात नव्हती. हे सगळं आजच्या भाषेत अपसेलिंगच, फक्त बिल मुलीच्या बापाच्या नावावर फाटायचं.

काउंटरवरच्या आग्रहात मोठी फसवणूक आहे ती इथे. एक तर हात आडवे धरायला समोर पान नाही. दुसरं, आपला तिसरा नकार तिथे कधी येतच नाही. कारण तो मुलगा एकच गोष्ट तीनदा विचारत नाही, तो सात गोष्टी एकेकदा विचारतो. मीलला नाही म्हटलं की तो आपला मीलबाबतचा पहिला नकार. चीझला नाही म्हटलं की चीझबाबतचा पहिला नकार. आणि पहिला नकार हा शिष्टाचार असतो, हे त्याच्याही आईने त्याला शिकवलेलं असणार.

बरं, समजा आपण शरण गेलो आणि मील घेतलं. मग प्रश्न येतो आकाराचा. फलकावर 'स्मॉल' नावाची वस्तू आता जवळपास दिसत नाही. सगळ्यांत लहान ग्लासाचं नाव 'रेग्युलर'. म्हणजे हा ग्लास ज्याला मोठा वाटेल, तो माणूस अनियमित. त्याच्या वर मीडियम, त्याच्या वर लार्ज, आणि काही ठिकाणी त्याच्याही वर एक बादली असते, तिला मात्र प्रामाणिकपणे बकेटच म्हणतात. शिवाय ग्लासात अर्ध्यापर्यंत बर्फ असतो. 'विदाउट आइस' सांगावं, तर उरलेली जागा भरली जाईलच याची खात्री नाही.

किमती तर पाहण्यासारख्या असतात. समजा, मल्टिप्लेक्समध्ये लहान पॉपकॉर्न दोनशे साठला, मधला तीनशे तीसला आणि मोठा तीनशे पन्नासला. मधला कोण घेईल? कुणीच नाही. तो विकण्यासाठी ठेवलेलाच नसतो. महापालिकेच्या निवडणुकीत डमी उमेदवार उभा करतात, तसा तो उभा असतो. त्याच्याकडे बघून माणूस म्हणतो, "अहो, वीस रुपयांत एवढा फरक?" आणि ज्याला मुळात दोनशे साठचंही जड होतं, तो तीनशे पन्नास देऊन वर पैसे वाचवल्याचा आनंद मानत बाहेर पडतो. या युक्तीवर ह्यूबर, पेन आणि पुटो या तीन अमेरिकन अभ्यासकांनी १९८२ मध्येच निबंध लिहिला. आपल्या पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या साडीवाल्यांनी तो वाचला नसावा. ते नको असलेली साडी आधी उलगडून दाखवतात, ती काही निबंध वाचून नव्हे.

आता, पॉपकॉर्नचा हा मोठा टब आला कुठून? याचं उत्तर शिकागोत सापडतं. तिथे बालाबान अँड कॅट्झ या सिनेमागृहांच्या साखळीत डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे गृहस्थ होते. पॉपकॉर्न आणि थंड पेय यांत तिकिटापेक्षा जास्त नफा आहे, हे त्यांना केव्हाच कळलेलं होतं. पण लोक एक पुडा घेत आणि तेवढ्यावर थांबत. वॉलरस्टीन यांनी सवलती दिल्या, जोड्या लावून पाहिल्या. दुसरा पुडा काही खपेना. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की लोकांचं पोट भरलेलं नाही, त्यांना लाज वाटतेय. दुसऱ्यांदा रांगेत उभं राहिलं तर लोक हावरट म्हणतील, अशी ही लाज. त्यावर उपाय सोपा होता. दोन पुड्यांचा माल एकाच पुड्यात भरायचा. पुडा एकच, त्यामुळे अब्रू शाबूत.

पुढे हे वॉलरस्टीन मॅकडोनल्ड्सच्या संचालक मंडळावर गेले आणि फ्राइजचाही मोठा पुडा काढा म्हणून कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांच्या मागे लागले. क्रॉक यांचं म्हणणं असं की ज्याला जास्त हवेत त्याने दोन पुडे घ्यावेत, त्यात काय? अत्यंत सरळ माणसाचं उत्तर. वॉलरस्टीन एका दुकानासमोर जाऊन बसले आणि लोकांना खाताना पाहत राहिले. लोक फ्राइज संपल्यावर पुड्याच्या तळाशी बोटं घालून मीठ आणि करपलेले तुकडे टिपत होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मोठा पुडा आला. तळाचे तुकडे टिपणाऱ्या त्या अनामिक अमेरिकनांनी जरा दमानं घेतलं असतं, तर आज जगाच्या कंबरेचा घेर काही इंचांनी कमी असता, असं मला अधूनमधून वाटतं.

१९५५ मध्ये क्रॉक यांनी पहिलं दुकान काढलं तेव्हा तिथला थंड पेयाचा ग्लास सात औंसांचा होता. म्हणजे दोनशे मिलीलिटरच्या आसपास. १९८० मध्ये सेव्हन-इलेव्हन या दुकानांनी बत्तीस औंसांचा ग्लास आणला, साडेनऊशे मिलीलिटरचा. त्याने तहान भागेना म्हणून पुढे त्याच्या दुप्पट, पावणेदोन लिटरच्याही वरचा. एवढ्या पाण्यात आपल्याकडे एक माणूस अंघोळ करतो; उन्हाळ्यात, मराठवाड्यात. न्यू यॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१२ मध्ये सोळा औंसांवरच्या गोड पेयांवर बंदी घालायचं ठरवलं. लोक खवळले. २०१३ मध्ये ती अमलात येण्याच्या आदल्या दिवशी न्यायालयाने ती रोखली आणि २०१४ मध्ये कायमची निकालात काढली. गंमत म्हणजे सेव्हन-इलेव्हनसारखी दुकानं महापौरांच्या त्या नियमाच्या कक्षेत येतच नव्हती.

पण मला वॉलरस्टीन यांना सापडलेली ती लाज महत्त्वाची वाटते. कारण ती आपली नाही. दुसऱ्यांदा घेतलं तर लोक हावरट म्हणतील, ही भीती मराठी माणसाला नसते. पैजेवर जिलब्या उठवणाऱ्यांची नावं आपल्याकडे तीन-तीन पिढ्या कौतुकाने सांगितली जातात. आपली लाज वेगळ्या दोन ठिकाणी बसते. एक, काउंटरवरच्या अनोळखी पोराने आपल्याला कंजूष समजू नये. आपल्याला त्याचं पुन्हा तोंड बघायचं नसतं, पण त्याचं आपल्याबद्दलचं मत चांगलं राहिलं पाहिजे. मागे रांग असेल तर रांगेचंही. "सगळ्यांत लहान द्या" हे वाक्य म्हणूनच आवाज खाली आणून म्हटलं जातं. दोन, पानात टाकू नये. ही दुसरी अधिक घातक. अमेरिकन माणूस टब अर्धा झाला, की तो सीटखाली ठेवून निर्विकारपणे निघून जाऊ शकतो. आपल्याला ते जमत नाही. मध्यंतरानंतर पॉपकॉर्न गार होतो, चामट होतो, तळाशी न फुटलेले दाणे दातांखाली येऊ लागतात, पडद्यावर नायकाचा बाप मरत असतो, आणि आपण चावत असतो. साडेतीनशे दिलेत. शिवाय अन्न हे पूर्णब्रह्म. म्हणजे टब तयार झाला शिकागोच्या लाजेसाठी, पण तो बसला आपल्या अंगाला.

मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नचा प्रश्न महाराष्ट्राने गांभीर्याने घेतला नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. २०१८ मध्ये पुण्यात मनसेचे कार्यकर्ते या भावांवरून थेट मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला भिडले आणि हात चालवले. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण सुरूच होतं. जुलैमध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी सांगितलं की बाहेरचे पदार्थ आत न्यायला मनाई करता येणार नाही. महाराष्ट्रातल्या घराघरांत चिवड्याचे डबे घासून पालथे घातले गेले असतील. ते पालथेच राहिले. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सिनेमागृह ही खासगी मालमत्ता आहे आणि बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवेल. पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये, एवढंच. सुनावणीत तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी जिलबीचं उदाहरण दिलं. कुणी जिलबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली तर सफाईचा खर्च कोण करणार, असा त्यांचा प्रश्न होता. पुण्याच्या घरातला माणूस. त्याला जिलबीच आठवणार.

फुकट पाण्याचा नळ मल्टिप्लेक्समध्ये असतो. शोधलात तर प्रसाधनगृहाच्या बोळात, झाडाच्या कुंडीमागे सापडतो.

त्याच वर्षी नोएडातल्या एका प्रेक्षकाने पॉपकॉर्न आणि पेप्सीचं आठशे वीस रुपयांचं बिल समाजमाध्यमांवर टाकलं. एवढ्यात ओटीटीचं वर्षाचं भाडं निघतं, असा त्याचा हिशेब होता. देश हळहळला. मल्टिप्लेक्सच्या साखळीने तत्परतेने नव्व्याण्णव रुपयांपासूनच्या जोड्या जाहीर केल्या. वेळ, सोमवार ते गुरुवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. म्हणजे ज्याच्याकडे पॉपकॉर्नसाठी नव्व्याण्णव रुपये असतात, तो नेमका ते कमवायला गेलेला असतो त्या वेळात.

ताटात किती वाढावं याची चिंता केंद्र सरकारनेही एकदा वाहिली होती. २०१७ मध्ये तेव्हाचे ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी असा विचार मांडला की हॉटेलांनी कुठला पदार्थ किती वाढणार हे आधीच सांगावं. ज्याला दोनच कोळंब्या खायच्या आहेत त्याला सहा का वाढायच्या? विचार उदात्त होता. पण तो मांडणाऱ्याने कोकणात जेवलेला माणूस पाहिलेला नसावा. ज्याला दोनच कोळंब्या खायच्या आहेत असा माणूस मालवणपासून डहाणूपर्यंत शोधून काढावा लागेल, आणि सापडला तर आधी डॉक्टरला दाखवावा लागेल. कायदा काही झाला नाही.

नियम झाला तो कॅलरीचा. जुलै २०२२ पासून मोठ्या साखळ्यांना पदार्थापुढे त्यातल्या किलोकॅलरी लिहाव्या लागतात, आणि सर्वसाधारण प्रौढाला दिवसाला दोन हजार लागतात हेही. हेतू असा की आकडा बघून माणूस बिचकेल. ज्या खात्याने हा नियम केला त्याला मध्यमवर्ग माहीत नाही. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तो फलक वाचून मोबाइलवर भागाकार केला आणि रुपयाला सर्वांत जास्त कॅलरी कुठल्या बर्गरमध्ये पडतात ते काढलं. तोच घेतला. मोठा.

हल्ली तर मुलगाही नसतो. दारातच माणसाच्या उंचीचा पडदा उभा असतो. त्यावर बोटाने निवडायचं. लाजेचा प्रश्न सुटला असं वाटतं, पण पडदा मुलापेक्षा चिवट असतो. त्याला घसा कोरडा पडत नाही, मॅनेजर नसला तरी तो प्रश्न गाळत नाही. 'हो' लिहिलेलं बटण मोठं, भडक, जवळजवळ गरम वाटणारं. 'नको' असं कुठेच लिहिलेलं नसतं. खाली कोपऱ्यात राखाडी अक्षरांत 'आत्ता नाही' असतं. म्हणजे नंतर. घरपोच मागवणाऱ्या ॲपची तऱ्हा आणखी वेगळी. 'आणखी ३७ रुपयांचं घ्या आणि डिलिव्हरी फुकट मिळवा.' डिलिव्हरी पंचवीसची असते. सदतीस रुपयांचं काहीच मिळत नाही, म्हणून एकशे एकोणीसचा गार्लिक ब्रेड मागवला जातो. घरात पोळ्या झालेल्या असतात.

आणि बसून जेवायच्या हॉटेलात तरी सुटका आहे का? खुर्चीत टेकायच्या आत वेटर बाटलीच्या बुचावर हात ठेवून विचारतो, "सर, साधं पाणी की बिसलरी?" प्रश्न पाण्याचा नसून खानदानाचा असतो. समोर नवे व्याही बसलेले असतील, तर 'साधं' म्हणणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. एरवी घरी हाच गृहस्थ नळाच्या पाण्याला गोडी असते म्हणतो.

खरं तर कमी कसं विकावं हे जगाला आपण शिकवायला हवं होतं. कटिंग हा प्रकार मुंबईने काढला. चहा हवाय पण अख्खा नको, या भावनेला मान देणारी दुसरी संस्कृती मला माहीत नाही. एक रुपयाच्या पुडीत शाम्पू, पाच रुपयांत बिस्किटं, 'एक डोसा, दोन प्लेट', राइस प्लेटमध्ये लिमिटेड आणि अनलिमिटेड असा सरळ हिशेब. कोका-कोलाला २००३ मध्ये भारतातल्या खेड्यांत शिरायचं होतं, तेव्हा त्यांनी टब आणला नाही, पाच रुपयांची दोनशे मिलीलिटरची बाटली आणली. क्रॉक यांच्या १९५५ मधल्या ग्लासाएवढीच. आणि स्टारबक्सने २०१२ मध्ये हॉर्निमन सर्कलला पहिलं दुकान थाटल्यावर दहा-अकरा वर्षांनी खास भारतासाठी 'पिक्को' नावाचा सहा औंसांचा कप काढला. अंदाजे दोन कटिंग. किंमत तेव्हा १८५ रुपयांपासून होती, पण दिशा बरोबर आहे.

शिवाय आपल्याकडे आग्रह उलटाही चालायचा, आणि तो बरोबर चालायचा. गिऱ्हाईकच दुकानदाराला अपसेल करायचं. पाणीपुरी खाऊन झाली की सुकी पुरी. भाजी घेतली की वर कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या. मिसळीला रस्सा पुन्हा. भेळेवर "अरे, शेव घाल की जरा हात मोकळा सोडून". यातलं काही फलकावर लिहिलेलं नसे आणि कुणी नाही म्हणत नसे. नाही म्हणणाऱ्याकडे लोक पुन्हा जात नसत.

माझी आत्या अजून त्याच हिशेबात आहे. तिला बर्गरच्या दुकानात नेलं, की ती त्या मुलाला आधी "बाळा" म्हणते. तिथेच त्याचे पाठ केलेले प्रश्न विस्कटतात. "बाळा, फ्राइज लहान दे. आणि वर दोन-चार घाल." मुलगा पडद्याकडे बघतो. पडद्यावर चीझ आहे, पेरी-पेरी आहे, तीन प्रकारची डिप आहेत. 'वर दोन-चार' हे बटण नाही. तो मॅनेजरला हाक मारतो. मॅनेजर येऊन नम्रपणे सांगतो की मॅम, थोडे पैसे वाढवले तर मीडियम येईल. आत्या म्हणते, "पैसे वाढवून सगळेच देतात रे." मागे रांग वाढते. तिला रांगेच्या मताचं काही पडलेलं नसतं. शेवटी मॅनेजर म्हणतो की मॅम, सॉस मात्र हवा तेवढा घ्या.

हे वाक्य त्याने उच्चारायला नको होतं. आत्याच्या फ्रिजच्या दारात, जिथे इतरांकडे अंडी असतात, तिथे केचपच्या, मिरचीच्या आणि ऑरेगॅनोच्या पुड्या तारखेप्रमाणे लावून ठेवलेल्या असतात. परवा तिने घावनावर ऑरेगॅनो घातला होता. बरा लागला, पण तिचं म्हणणं पडलं की पिझ्झावाल्याकडच्या पुडीत हल्ली माल कमी भरतात.